उतारा ठेवणारे हात

सिनेमा पूर्ण करायचा नव्हता, नुसती सुरुवात करायची होती. भुताच्या सिनेमाची सुरुवात, दोन मिनिटांची. आमच्या सरांचं म्हणणं असं की माणूस घाबरतो तो सुरुवातीलाच, पुढचं सगळं नुसतं ओढत न्यायचं असतं. "पहिल्या दोन मिनिटांत माझ्या अंगावर काटा आला पाहिजे," असं त्यांनी वर्गात सांगितलं आणि वर एक शेपूट जोडलं. फिल्म दाखवून झाली की प्रत्येक गटानं पुढं उभं राहून सांगायचं, काय केलं, कसं केलं आणि त्यातून काय शिकलो. सन दोन हजार उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. कोल्हापुरात राहून असला कोर्स घेतला म्हटल्यावर नातेवाईक विचारायचे, "म्हणजे टीव्हीवर बातम्या सांगणार काय?" मी हो म्हणायची. कोण डोकं लावत बसणार.

गट तिघांचा. एक मी. दुसरी माझी वर्गातली मैत्रीण, जिला नटायची भारी हौस. तिसरा आमचा कॅमेरावाला. त्याच्या वडलांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा, त्यामुळं कॅमेरा आणि स्टँड घरचाच. लग्नं शूट करून करून तो इतका तयार झाला होता की समोर भूत आलं असतं तरी त्याला "जरा इकडं बघून हसा" म्हणाला असता.

गोष्ट माझी होती. एक बाई उसाच्या कडेनं जाणाऱ्या पाणंदीत येते. तिचे नुसते हात दिसतात. ती उतारा ठेवते आणि निघून जाते. कॅमेरा उताऱ्यावरच थांबतो. मग वारं नसताना मागचा ऊस हलतो. संपलं. भूत दाखवायची भानगडच नको, ऊस हलवायला एक माणूस पुरतो.

उतारा म्हणजे काय ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. कुणाचा ताप उतरेना, म्हैस दूध चोरायला लागली, की दहीभाताचा मुटका, हळदकुंकू, चिरलेलं लिंबू त्याच्यावरून ओवाळायचं आणि तीन वाटा मिळतात तिथं नेऊन ठेवायचं. ठेवणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. ठेवलेल्याला परत हात लावायचा नाही. आणि दुसऱ्या कुणी तो ओलांडला, तर पहिल्याची पीडा त्याला लागते. आम्ही तिघं शिकलेसवरलेले, हे सगळं थोतांड आहे हे आम्हाला पाठ होतं.

जागा मी सुचवली. कुरुंदवाडच्या जवळ माझ्या मावशीचं गाव, काळी माती आणि नजर जाईल तिथवर ऊस. मावशीचा नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. सासरच्याच घराच्या कडेच्या दोन खोल्यांत ती लेकीला घेऊन राहायची, एका म्हशीच्या दुधावर संसार चालवायची. लेक दहावीला होती. बाकीच्या घरात दीर, जाऊ आणि सासू. सासूला सगळं गाव अव्वा म्हणायचं, तिकडं कानडी मुलूख हाकेच्या अंतरावर. त्या दोन खोल्या दिराच्या डोळ्यांत कायम खुपायच्या. त्याला तिथं ट्रॅक्टर लावायचा होता. मावशीला घालवायला त्याला फक्त निमित्त पाहिजे होतं, आणि ते देण्याइतकी ती खुळी नव्हती.

आम्ही मुद्दाम रविवार धरला. त्या दिवशी घरातली सगळी माणसं जीप करून जोतिबाला जाणार होती, म्हणजे कुणाची कटकट नाही, कुणी "पावणं, कशाचं शूटिंग?" म्हणून डोकं खाणार नाही. मावशी आणि तिची लेक दोघीच मागं राहिल्या. रात्रीचा सीन भर दुपारी काढायचा होता. त्याची युक्ती अशी की कॅमेऱ्याला पिवळा कागद पांढरा म्हणून दाखवायचा, मग तो सगळं जग निळं दाखवतो. कॅमेरावाल्यानं ते करून दाखवलं तेव्हा छोट्या पडद्यावर ती पाणंद अशी काय दिसली की मीच मान वर करून खरी पाणंद जागेवर आहे का बघितली.

गाडी अडली ती हातांवर. मैत्रिणीनं भाताचा मुटका वळला तो लाडवासारखा. लिंबू चिरलं तर त्याच्या चार फोडी केल्या, पोह्यांवर पिळायला करतात तशा. मावशी बाजूला उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. "अगं, हे बघून भूत जेवायला बसंल," म्हणाली, आणि सगळं तिच्या हातनं काढून घेतलं. लेकीच्या तापात, म्हशीच्या दुखण्यात तिनं हे कितीदा केलेलं. तिची बोटं अशी सरसर चालली की कॅमेरावाला म्हणाला, "मावशी, तुम्हीच ठेवा की. तोंड घेत न्हाय, नुसतं हातच."

आता हातात हिरव्या बांगड्या पाहिजेत, हे माझंच खूळ. निळ्या उजेडात हिरवा रंग काळपट दिसतो, ते मला हवं होतं. मैत्रिणीनं आपल्या हातातल्या डझनभर काढल्या. मावशी मागं सरली. "माझ्या हातात? नगं गं बाई." मग तिनं पाणंदीच्या दोन्ही अंगाला बघितलं. "घरात कुणी न्हाय न्हवं?" कुणी नव्हतं. तिनं बांगड्या चढवल्या आणि हात जरा लांब धरून बघितले. आम्ही कॅमेऱ्याचं काही तरी करत असल्यासारखं दाखवलं.

एका झटक्यात शॉट झाला. तिनं पत्रावळ ठेवली, कुंकवाची चिमूट सोडली, उठली आणि सरळ घराकडं चालू लागली. मी हाक मारली, "मावशी, झालं, थांब." ती थांबली नाही. लटका का असेना, उतारा तो उतारा, ती मागं बघणार नव्हती.

मग आम्ही ऊस हलवला, आवाज घेतला, वायरी गुंडाळल्या. उतारा तिथंच. मी मैत्रिणीकडं बघितलं. ती म्हणाली, तिच्या हाताला कॅमेऱ्याची पिशवी आहे. कॅमेरावाला म्हणाला, "माझं हात रिकामं हायत, पण माझ्या आईनं सांगितलंय." मी म्हणाले, मावशी उचलेल. मावशीला जाऊन सांगितलं तर ती बांगड्या उतरवता उतरवता म्हणाली, ठेवणाऱ्यानं उचलायचा नसतो, कुत्री खातील. तिघं पदवीधर व्हायला निघालेले, आणि चमचाभर दहीभाताला हात लावायची एकाचीही छाती झाली नाही. आम्ही हसत हसत बस धरली.

बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी फोन वाजला. मावशीची लेक गावातल्या फोनबूथवरून बोलत होती. "अक्का, लवकर ये. आईला घराबाहेर काढाय लागल्यात."

झालं होतं असं. सोमवारी सकाळी जाऊ आपली म्हैस घेऊन पाणंदीतून गेली. कुत्र्यांनी काही खाल्लं नव्हतं. म्हशीनं उतारा तुडवला, जावेनं ओलांडला, आणि मग खाली बघितलं. म्हैस गाभण होती. मंगळवारी तिनं गाभ टाकला. म्हशी काय आधी कधी गाभ टाकत नव्हत्या? पण आता कारण समोर पडलं होतं, कुंकू लावलेलं. अव्वानं देवरुशी गाठला. तो म्हणाला, करणी घरातल्याच माणसानं केली आहे. मग घरात उरलं कोण? जे जोतिबाला आलं नव्हतं ते.

गुरुवारी मी एकटीच एसटीनं गेले. मला वाटलं होतं, जाते, सांगते, शिव्या खाते, मिटवते. बाहेरच्या सोप्यात उभी राहून सगळं सांगितलं. शूटिंग होतं, कॉलेजचं काम होतं, उतारा आम्ही ठेवला. दीर खुर्चीत बसून ऐकत होता.

"शूटिंग कुणी बघितलं?"

"कुणी नव्हतं, म्हणूनच..."

"भाची मावशीच्या बाजूनंच बोलणार की. खरं असंल तर दावा. रविवारी या आणि टीव्हीवर दावा. न्हायतर सोमवारी तिनं भावाकडं जायाचं. पोरगीबी घिऊन."

मी म्हणाले, दाखवते की. माझा जीव भांड्यात पडला. पुरावा माझ्याकडं होता, टेपवर.

मावशीनं मला घरामागच्या परड्यात ओढलं. तिचा चेहरा पांढराफटक. "दावू नगंस," ती म्हणाली. "माझं हात हायत त्यात. उतारा ठेवला म्हणून घरातनं काढतील. हिरव्या बांगड्या भरल्या म्हटल्यावर गावातनं काढतील."

मी विचारलं, "आणि नाही दाखवलं तर?"

ती परड्यातल्या दगडावर बसली आणि पायाची बोटं चोळत राहिली. तिची लेक दारातून दोघींकडं बघत होती, हातात भूगोलाचं पुस्तक. त्या पोरीची परीक्षा महिन्यावर आली होती. परतीच्या एसटीत मला काही सुचेना. दाखवलं तरी मरण, न दाखवलं तरी मरण. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ना, त्यात मी पडले असते तर एक वेळ चाललं असतं. मी ढकलली होती तिला.

शुक्रवारी वर्गात आमची पाळी. पडदे ओढले, टीव्ही लावला. पाणंद आली, रातकिड्यांचा आवाज आला, मग मावशीचे हात आले. सरांनी चित्र तिथंच थांबवलं. पडद्यावर ते हात, काळपट बांगड्या, कुंकवाची चिमूट.

"हे हात बघा," सर म्हणाले. "ह्यात नाटक नाही. कुणाचे आहेत?"

मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं. कॅमेरावाला जमिनीकडं बघत होता.

"माझे," मी म्हणाले.

कसं निघालं तोंडातून, कुणास ठाऊक. सरांनी एकदा पडद्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान हलवून पुढं चालू केलं. नंतर आम्ही पुढं उभे राहिलो. काय शिकलो? मैत्रिणीनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं, आवाजाचं महत्त्व, उजेडाचं महत्त्व. माझी पाळी आली तर मी म्हणाले, "उतारा उचलून आणायला पाहिजे होता." वर्ग खदाखदा हसला. सरही हसले. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी डोक्यात चक्र फिरायला लागलं होतं. सरांनी मानलं, तर दीर का नाही मानणार?

शनिवारी आम्ही शहराबाहेर पंचगंगेच्या बाजूला एक पाणंद शोधली. ऊस सगळीकडं सारखाच, माती सारखीच. पिवळा कागद काढला. भाताचा मुटका मी वळला, मावशी वळायची तसा. लिंबू मी चिरलं. हिरव्या बांगड्या मी घातल्या. ठेवताना कधी मुटका कलंडला, कधी कुंकू सांडलं, चार वेळा शॉट बिघडला. कॅमेरावाला एकदाही चिडला नाही, नाहीतर एरवी त्याचं तोंड म्हणजे फटाक्यांची माळ. शॉट झाल्यावर मी स्वतः पत्रावळ उचलली आणि पिशवीत घातली. दोघं माझ्याकडं बघत राहिले. "बघता काय," मी म्हणाले, "चला."

त्याच संध्याकाळी कॅमेरावाल्यानं घरच्या यंत्रावर मावशीचे हात काढून तिथं माझे जोडले. जुन्या टेपवरचे हातही पुसून टाकले.

रविवारी तिघंही गावी गेलो. मावशीला आधी गाठायचं, कानात सांगायचं, असं ठरवलं होतं. पण उंबऱ्यातच दीर उभा. आम्हाला थेट सोप्यात बसवलं. शेजारची चार माणसं आधीच येऊन बसलेली. अव्वा पलंगावर, जाऊ भिंतीला टेकून. मावशी आतल्या दारात, अर्धी आत अर्धी बाहेर. मी तिच्याकडं बघून डोळ्यांनी सांगायचा प्रयत्न केला. तिला वाटलं मी माफी मागते आहे. तिनं मान फिरवली.

कॅमेरावाल्यानं वायरी जोडल्या. पडद्यावर पाणंद आली. शेजारचा म्हातारा म्हणाला, "ही तर आपली पाणंद की." दीर पुढं सरकून बसला. रातकिडे ओरडायला लागले, पैंजण वाजलं, आणि लाईट गेली.

लोडशेडिंग. त्या काळात लाईट जाण्याचं कुणाला नवल नव्हतं, पण मला त्या मिनिटाला सगळ्या वीज खात्याचा गळा धरावासा वाटला. सगळे अर्धवट अंधारलेल्या सोप्यात बसून राहिले. कुणी उठेना. जाऊ म्हणाली, "आता हात येणार व्हतं काय?" कॅमेरावाला म्हणाला, "व्हय." मावशीच्या बांगड्या नसलेल्या हातांनी दाराची चौकट धरली होती. मला उठून तिच्याकडं जायचं होतं, पण एवढ्या डोळ्यांसमोर काय कुजबुजणार? उठले असते तर लोकांनी म्हटलं असतं, बघा, दोघींचं काही तरी शिजतंय. मी बसून राहिले. तिला मरणाची भीती वाटत होती आणि तिला सोडवणारा एक शब्द माझ्या तोंडात होता, आणि तो मला बोलता येत नव्हता. तेवढी भीती मला आयुष्यात परत कधी वाटली नाही.

लाईट आली. कॅमेरावाल्यानं टेप थोडी मागं घेऊन लावली. पाणंद, रातकिडे, पैंजण. हात आले.

मग अव्वा पलंगावरून वाकली. "हे नख बगा," ती म्हणाली. लहानपणी ह्याच घराच्या दारात माझा अंगठा चेमटला होता, अव्वानंच हळद बांधली होती, ते नख अजून वाकडं आहे. "पोरी, हे तुझं हात."

"व्हय अव्वा. माझंच."

"उतारा तू ठेवलास?"

"मीच ठेवला. उचलायचा राहिला. चुकलं."

मावशी चौकट धरूनच खाली बसली. लेकीनं तिला पाणी आणून दिलं. दीर ओरडला, उचलून न्यायला काय झालं होतं, आमच्या म्हशीचं नुकसान कोण देणार, पण त्याचा आवाज पडलेला होता. शेजाऱ्यांनीच त्याला गप्प केलं. "कॉलेजची पोरं, त्यास्नी काय कळतंय. बाईवर आळ घेतलासा तुमी." खोल्या मावशीच्याच राहिल्या. लेक दहावी झाली, पुढं बारावीही झाली.

निघताना मी अव्वाच्या पाया पडायला वाकले. तिनं पाय वर घेतले. म्हातारं माणूस आहे, असेल गुडघ्याचं दुखणं, असं मी मनाशी म्हटलं.

नंतर कळायला लागलं. मी गावी गेले की जाऊ म्हशी आत बांधायची. चहा मिळायचा, पण कप वेगळा. कुणाच्या पोराला ताप आला की कुणी तरी विचारायचं, ती शूटिंगवाली आलती काय? लग्नात भेटलेले पाहुणे चेष्टेत म्हणायचे, "आली बघा, लिंबं लपवा." मी पण हसायची. काय बिघडतं, म्हणा की. कुणाचं घर वाचलं, त्यापुढं चेष्टा म्हणजे काय? मावशी मात्र त्या चेष्टेत कधी हसायची नाही. ती उठून आत जायची. मला वाटायचं, माझ्यासाठी तिच्या जिवाला लागतं.

पाच-सहा वर्षं गेली. मावशीच्या लेकीचं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला ती आईकडं आली, त्याच दोन खोल्यांत. मुलगा झाला. मी झबलं-टोपडं घेऊन गेले. दुपारची वेळ, बाळंतीण झोपली होती, बाळ मावशीच्या मांडीवर होतं. घरात आम्ही दोघीच जाग्या. त्या गावात ज्या बाईला ठाऊक होतं की त्या पाणंदीत मी काही ठेवलं नव्हतं, ती ही एकटी. तिच्यापाशी मला काही सिद्ध करायचं नव्हतं. मी हात धुतले, पदराला पुसले आणि बाळाला घ्यायला दोन्ही हात पुढं केले.

मावशीनं पदर ओढून बाळाचं तोंड झाकलं.

"आत्ता झोपलंय गं," ती म्हणाली.

पदराखाली त्याचे पाय चालले होते, चांगलं जागं होतं ते. मी मावशीच्या तोंडाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या हातांकडं बघत होती. मला राग आला, इतका की आत्ताच्या आत्ता ओरडून विचारावं, कुणाचे हात होते गं ते? विचारलं नाही. झबलं तिच्याशेजारी ठेवलं आणि पाणी पिते म्हणून आत गेले.